तेल व पाणी यांचें वैर नाहीं

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहींत ही गोष्ट घरांतल्या लहान मुलासहि ठाऊक असते. कांचेच्या दिव्यांत अर्धें पाणी भरून त्यावर बोटभर तेल ओतलें तर वात तेलावर जळत राहते आणि पाणी तळाशीं निमूट बसतें. तळणीच्या कढईंत ओल्या हाताचा एक थेंब पडला तर तो तेलांत मिसळत नाहीं. खालीं जाऊन त्याची वाफ होते, आणि ती तेल उडवीत बाहेर पडून गृहिणीच्या हातास चटका देते. इतकी ही रोजच्या व्यवहारांतली गोष्ट असल्यामुळें तिचें कारण विचारण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्यानें एकदां तरी फवाऱ्याचा पंप पाठीवर घेतला आहे, त्यास हें कारण न विचारणें फार महाग पडतें असें माझें अनुभवांतीं झालेलें मत आहे, आणि तें या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम माझ्याच चुकीची हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं वीस गुंठ्यांत वांगीं लावलीं होतीं. तुडतुडे व पांढरी माशी दिसूं लागतांच निंबोळीचें तेल विकत आणलें. विकणाऱ्यानें "पाण्यांत टाका आणि मारा" एवढीच सूचना केली, आणि मींहि त्याहून अधिक विचारलें नाहीं. पंपांत पंधरा लिटर पाणी घेतलें, त्यांत तेल ओतलें, काठीनें ढवळलें आणि सकाळच्या प्रहरांत फवारणी उरकून टाकली. चौथ्या दिवशीं शेतांत जाऊन पाहतों तों विचित्र प्रकार दिसला. बहुतेक सऱ्यांवर कीड होती तशीच होती. आणि मधूनमधून तीन-चार झाडांचे असे पट्टे होते कीं त्यांचीं पानें तेलकट होऊन कडेनें करपून गेलीं होतीं.

औषधांत भेसळ आहे, अशी माझी पहिली समजूत झाली. दुकानदारास चार शब्द सुनावण्यासाठीं मी निघालोंहि होतों. परंतु आमच्याकडे पुष्कळ वर्षें काम करणारे एक वृद्ध गडी बांधावर उभे होते. ते म्हणाले, "अण्णा, जिथं जिथं पंप रिकामा झाला, तिथं तिथं झाड जळालंय. मोजून बघा." मीं मोजून पाहिलें, आणि त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. पंपाची ओढनळी टांकीच्या तळाशीं असते, आणि तेल तर वर तरंगत होतें. त्यामुळें आरंभीं जें बाहेर पडलें तें जवळजवळ नुसतें पाणी. आणि टांकीचा तळ लागतां लागतां शेवटच्या झाडांवर जें पडलें तें जवळजवळ नुसतें तेल. एका टोकास कीड जगली, दुसऱ्या टोकास झाड मेलें. औषधांत दोष नव्हता, दुकानदाराचा अर्धा होता, आणि उरलेला सर्व माझा होता. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, या म्हणीचा अर्थ मला त्या दिवशीं नीट कळला.

तेव्हांपासून तेल व पाणी वेगळीं कां राहतात याचा मीं शोध घेतला. तेल हलकें असतें म्हणून तें वेगळें राहतें, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत अर्धवट आहे. निंबोळीचें किंवा भुईमुगाचें एक लिटर तेल सुमारें ९१० ते ९३० ग्रॅम भरतें, आणि एक लिटर पाणी १००० ग्रॅम. तेव्हां दोघें वेगळीं झाल्यावर वर कोणी राहावें हें वजन ठरवितें यांत शंका नाहीं. परंतु मुळांत वेगळें कां व्हावें हें वजन ठरवीत नाहीं. दवाखान्यांतलें स्पिरिट तेलापेक्षांहि हलकें असतें, तरी तें पाण्यांत पूर्णपणें मिसळून जातें. उलट क्लोरोफॉर्म पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असूनहि पाण्यांत मिसळत नाहीं. तें तळाशीं आपला वेगळा थर करून राहतें. अर्थात् कारण वजनांत नसून दुसरीकडे शोधलें पाहिजे.

तें कारण पाण्याच्या घडणींत आहे. पाण्याचा प्रत्येक रेणु ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन परमाणु मिळून झालेला आहे. त्यांत ऑक्सिजनच्या बाजूस किंचित् ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूस किंचित् धन असा विद्युद्भार असतो. यामुळें एका रेणूचें धन टोक शेजारच्या रेणूच्या ऋण टोकाशीं गुंततें. पेलाभर पाणी म्हणजे जणूं हातांत हात घालून उभी असलेली दाट जत्राच आहे. हे हात क्षणोक्षणीं सुटतात आणि क्षणोक्षणीं दुसऱ्या शेजाऱ्याशीं जुळतात. मीठ, गूळ, युरिया यांच्या कणांस असेच हात असतात, म्हणून ते या जत्रेंत सहज सामावतात आणि पाण्यांत विरघळले असें आपण म्हणतों. तेलाचा रेणु निराळ्या जातीचा आहे. तो कार्बन व हायड्रोजन यांच्या लांब लांब साखळ्यांचा बनलेला असून त्या साखळ्यांवर असा भार जवळजवळ नसतो. त्यास धरण्याजोगा हातच नाहीं म्हणा ना.

असा रेणु पाण्यांत शिरला म्हणजे त्याच्या भोंवतालच्या पाण्याच्या रेणूंना आपसांतले हात सुटूं नयेत म्हणून एका ठराविक बेतानें उभें राहावें लागतें, आणि त्यांची हालचालीची मोकळीक कमी होते. तेलाचे रेणु वेगवेगळे पसरले तर प्रत्येकाभोंवतीं असें कोंडाळें करावें लागतें. तेच एकत्र गोळा झाले तर फक्त गोळ्याच्या बाहेरच्या अंगास तेवढें करावें लागतें. पुष्कळ रेणूंची मोकळीक वाढेल तिकडे सृष्टीचा व्यवहार वळतो, म्हणून तेल गोळा होतें. फ्रँक व इव्हान्स या दोन शास्त्रज्ञांनीं १९४५ सालीं हा विचार मांडला, आणि १९५९ सालीं वॉल्टर काउझमन यांनीं प्रथिनांची घडी कशी बसते हें समजावण्यासाठीं तोच लावून दाखविला. त्यांतील बारीक मुद्द्यांचा अभ्यास अद्यापि चालू आहे. पण आपणांस घ्यावयाचा बोध एवढाच, कीं पाणी तेलास हांकलून देत नाहीं. पाणी पाण्यास सोडीत नाहीं. यांत वैर नसून आप्तांची घट्ट मिठी आहे.

तेल खरोखरच पाण्याचा तिरस्कार करीत असतें तर तें पाण्यावर पसरलेंच नसतें. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनीं लंडनजवळच्या क्लॅफम येथील तळ्यांत चहाच्या चमच्याएवढें तेल ओतलें, तेव्हां तें पसरत जाऊन सुमारें अर्धा एकर पाणी आरशासारखें स्थिर झालें. हा वृत्तांत १७७४ सालीं प्रसिद्ध झाला. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, माझ्या वांग्यांच्या तुकड्याएवढेंच क्षेत्र! चमच्यांत पांच मिलिलिटर तेल धरून हिशेब केला तर त्या थराची जाडी एका मिलिमीटरच्या चार लाखाव्या हिश्शाइतकी येते. वनस्पतींच्या तेलाच्या रेणूंत साखळ्या जेथें जोडल्या जातात तेथें ऑक्सिजनचे परमाणु असतात, आणि तेवढा भाग पाण्याशीं ओळख ठेवतो. त्याच ओळखीच्या जोरावर तें एवढें पसरतें. सारांश, या दोघांत सोयरीक होण्यासारखी नाहीं असें नाहीं, फक्त मध्यस्थ पाहिजे.

आतां काठीनें ढवळून काय होतें तें पाहा. एक लिटर तेल एकाच गोळ्याच्या रूपानें पाण्यांत ठेवतां आलें, तर त्याचा पृष्ठभाग वीतभर लांब व वीतभर रुंद अशा कापडाएवढा भरेल. तेंच तेल एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक थेंबांत फोडलें, तर सर्व थेंबांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो. वीतभर कापडाचें दीड एकर शेत झालें! तेल-पाण्याची सीमा जेवढी वाढेल तेवढी पाण्याची अडचण वाढते. म्हणून काठी थांबली रे थांबली, कीं लहान थेंब मोठ्या थेंबांस मिळूं लागतात, मोठे वर चढतात, आणि थोड्याच वेळांत सारें पूर्ववत् होतें. मनगटाचा जोर कितीहि असो, तो या नियमापुढें टिकत नाहीं. दीड एकर सीमेवर राखण ठेवावयाची तर राखणदारहि तितकेच पाहिजेत.

हे राखणदार म्हणजे साबण. साबणाच्या रेणूचें एक टोक भार असलेलें, पाण्याशीं हात जोडणारें. आणि दुसरें टोक तेलासारख्या लांब साखळीचें. तो तेलाच्या थेंबांत शेपूट खुपसून डोकें पाण्यांत ठेवतो. असा चोहोंकडून कुडाचा बंदोबस्त झाला म्हणजे दोन थेंब एकमेकांजवळ आले तरी मिळूं शकत नाहींत, आणि मिश्रण दुधासारखें पांढरें दिसूं लागतें. यास शास्त्रांत पायस म्हणतात. आपल्या घरचें दूध हेंहि असेंच एक पायस आहे; त्यांतील स्निग्धांशाच्या बारीक गोळ्यांभोंवतीं प्रथिनें व तत्सम पदार्थ यांचें पातळ आवरण असतें. रवीनें घुसळतांना तेंच आवरण फाटतें, गोळे एकमेकांस चिकटतात आणि लोणी वर येतें. लोण्यांत शेंकडा ऐंशींच्या सुमारास स्निग्धांश व उरलेलें बहुतेक पाणी असतें. म्हणजे आरंभीं पाण्यांत तुपाचे थेंब होते, तेथें शेवटीं तुपांत पाण्याचे थेंब झाले. एकच घुसळणें साबणाच्या पाण्यांत तेल मिसळवितें आणि ताकाच्या डेऱ्यांत तें वेगळें काढतें. फरक हाताचा नव्हे, थेंबाभोंवतींच्या आवरणाचा आहे.

ही युक्ति शेतींत नवी नाहीं. अमेरिकेंत रायली व हबर्ड या कीटकशास्त्रज्ञांनीं १८८० नंतरच्या दशकांत रॉकेलाचें पायस प्रचारांत आणलें. अर्धा पौंड साबण एक गॅलन पाण्यांत उकळून विरघळवावयाचा, मग तें पाणी विस्तवापासून दूर नेऊन त्यांत दोन गॅलन रॉकेल घालून दाट साईसारखें होईपर्यंत घुसळावयाचें, आणि तें पुष्कळ पाण्यांत पातळ करून फवारावयाचें, अशी ती कृति होती. आज कोणी पिकावर रॉकेल फवारावें असें मी सुचवीत नाहीं; तें जरा फाटलें तरी पान जाळतें. परंतु त्या कृतींतला क्रम आजहि खरा आहे. साबण आधीं थोड्या पाण्यांत विरघळवावा, त्यांत तेल हळूहळू घालीत घोटावें, दाट पांढरें झाल्यावरच तें थोडें थोडें करून उरलेल्या पाण्यांत सोडावें. भरल्या टांकींत प्रथम तेल आणि मागाहून साबणाचा तुकडा टाकणें म्हणजे चोरी झाल्यावर राखण बसविणें होय.

आपल्याकडील निंबोळी अर्काच्या प्रचलित शिफारशींतहि पांच किलो निंबोळीच्या चुऱ्यास दोनशें ग्रॅम साबण घेऊन शंभर लिटर द्रावण करण्यास सांगितलेलें असतें. पुष्कळ बांधव निंबोळ्या मोजून घेतात आणि साबण तेवढा गाळतात; त्यांस तो शोभेचा वाटतो. वास्तविक त्याचें काम दुहेरी आहे. निंबोळीतला तेलकट अंश तो पाण्यांत धरून ठेवतोच. शिवाय तें पाणी पानावर पसरवितो. अळवावरचें पाणी आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पानावरच्या मेणाच्या लेपामुळें थेंब मोत्यासारखा घरंगळून जातो. कोबी, कांदा, हरभरा यांचीं पानें थोड्याफार फरकानें त्याच वळणाचीं आहेत, आणि किडीचें अंगहि मेणचट असतें. साबणावांचून फवारलेलें औषध बरेचसें जमिनीस मिळतें, आणि पैसे मात्र पानाच्या नांवें खर्ची पडतात.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "साबण घालूं, झालें!" परंतु खरी अडचण पुढेंच आहे, आणि ती आपल्या विहिरींत आहे. आपल्या मुलखांत पुष्कळ विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड असतें. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, घागरीच्या आंत पांढरा थर धरतो आणि साबणास फेस येत नाहीं. या पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशीं मिळून न विरघळणारा चोथा करतात. राखणदारच असे कैद झाले म्हणजे दीड एकर सीमा मोकळी पडते आणि तेल वर येतें. एकच कृति एका शेतकऱ्यास लाभते व शेजाऱ्यास बाधते याचें कारण पुष्कळदां नशीब नसून विहीर हेंच असतें. अशा ठिकाणीं पावसाचें सांठविलेलें पाणी वापरावें, किंवा रिठ्याचा काढा घ्यावा. रिठ्यांतील फेसाळ द्रव्य साबणाप्रमाणें जड पाण्यांत चोथा होऊन बसत नाहीं. मात्र साबण वाढवीत जाणें हा उपाय नव्हे. अति साबणहि पानावरचें मेण धुऊन टाकतो आणि पान करपवितो.

दुकानांतून मिळणाऱ्या ज्या औषधांच्या बाटलीवर "ई. सी." अशीं अक्षरें असतात, त्यांचीहि गोष्ट हीच आहे. त्यांत विषारी द्रव्य तेलासारख्या द्रवांत विरघळविलेलें असून पायस करणारें द्रव्य कारखान्यांतच घातलेलें असतें. म्हणून पाण्यांत ओततांच तीं दुधाळ होतात. अशा औषधांच्या पायसाची परीक्षा करण्याच्या आंतरराष्ट्रीय रीतींत ठराविक जडपणाचें पाणी वापरतात. त्यांतल्या मृदु पाण्यांत दहा लक्ष भागांस २० भाग आणि जड पाण्यांत ३४२ भाग इतका जडपणा धरलेला आहे. यावरून उघड होतें कीं, ज्याच्या विहिरीचा जडपणा याहून अधिक आहे त्याच्यासाठीं ही परीक्षा झालेलीच नाहीं. असें असतां आपल्यापैकीं किती जणांस स्वतःच्या विहिरीचा आंकडा ठाऊक आहे? जमिनीची तपासणी करून घेणारेहि फवाऱ्याच्या पाण्याची तपासणी करीत नाहींत. आमच्या गांवांतहि हीच स्थिति होती, आणि मी त्यास अपवाद नव्हतों.

याहून मोठी चूक म्हणजे एकाच टांकींत चार बाटल्या ओतण्याची हल्लीं पडलेली संवय. कीडनाशक, बुरशीनाशक, पानावाटे द्यावयाचें खत आणि वर कोणी सांगितलेलें एखादें टॉनिक, असा काला करून एका फेरींत काम उरकावें असें वाटणें स्वाभाविक आहे. मजुरी वाढलेली, मजूर वेळेवर मिळत नाहींत, ढग डोक्यावर. या अडचणी मीहि सोसतों आणि त्या खोट्या आहेत असें म्हणणार नाहीं. कांहीं औषधें एकत्र चालतातहि. परंतु क्षारयुक्त खत पडतांच कित्येक पायसें फाटतात, भुकटी तेलांत गोळा होऊन बसते, फवाऱ्याचें तोंड बुजतें, आणि पंपाच्या आरंभीं एक व शेवटीं दुसरें असें औषध पडतें. म्हणजे वांग्यांवर मीं जो प्रकार एका तेलानें केला तोच हा काला चार औषधांनीं करतो. शिवाय कांहीं जोड्या पायस उत्तम राहूनहि पिकास मारक ठरतात. गंधक फवारल्यावर तेल किंवा तेल फवारल्यावर गंधक निदान दोन आठवडे, शक्य तर महिनाभर, पिकावर पडूं देऊं नये. एरवीं पानें करपतात. मजुरीचा एक दिवस वांचविण्यासाठीं हंगाम पणास लावणें हा हिशेब शेतकऱ्यास शोभत नाहीं.

यावर उपाय अगदीं स्वस्त आहे. एक लिटरची पारदर्शक कांचेची बरणी घ्यावी. ती पुन्हां स्वयंपाकघरांत जाऊं नये म्हणून तिला तांबड्या रंगाची खूण करावी. ज्या पाण्यानें फवारावयाचें तेंच पाणी तींत निम्मी बरणी भरून घ्यावें. औषधें टांकींत ज्या प्रमाणांत पडणार त्याच प्रमाणांत एकेक घालावीं. प्रथम पाण्यांत कालवावयाची भुकटी, मग दाट द्रवरूप औषधें, नंतर ई. सी. किंवा तेलाचें पायस, असा क्रम ठेवून प्रत्येक वेळीं हलवावें. मग उरलेलें पाणी घालून झांकण लावावें आणि अर्धा तास सावलींत ठेवावें. वर तेलाचा तवंग आला, दह्यासारख्या गुठळ्या झाल्या, तळाशीं चिकट गाळ बसला किंवा बरणी हातास गरम लागली, तर तें मिश्रण टांकींत जातां कामा नये. तसें कांहीं न झाल्यास पंप भरावा, परंतु प्रथम चार-पांच झाडांवरच फवारून दोन-तीन दिवस वाट पाहावी. कारण मिश्रण टिकतें कीं नाहीं एवढेंच बरणी सांगते, पीक सोसेल कीं नाहीं हें झाडच सांगतें. साबणाचें प्रमाणहि याच बरणींत ठरवावें. ज्या कमींत कमी साबणानें अर्धा तास दुधाळपणा टिकतो, तेंच प्रमाण आपल्या विहिरीसाठीं योग्य. हिंवाळ्यांत निंबोळीचें तेल थिजतें. तें बाटलीसकट कोमट पाण्यांत ठेवून पातळ करावें. आणि केलेलें द्रावण त्याच दिवशीं, शक्य तर सायंकाळीं, संपवावें, कारण निंबोळीतला गुण उन्हानें लवकर नष्ट होतो.

पिकाची हानि दुसऱ्या हंगामांत भरून निघते, परंतु ज्या हानीस भरपाई नाहीं तिचाहि याच विषयाशीं संबंध आहे. आपली कातडी पाण्यास सहसा आंत घेत नाहीं, कारण तिच्यांतच स्निग्ध द्रव्याचा थर आहे. पण जें विष तेलकट द्रवांत विरघळलेलें आहे त्यास तो थर अडथळा न होतां वाट होतो. म्हणूनच पाठीवर गळणारा पंप, उघड्या हातानें केलेलें कालवण आणि वाऱ्याच्या तोंडास उभें राहून केलेला फवारा हे इतके घातक आहेत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना झालेल्या विषबाधेनें सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. त्याचीं कारणें अनेक होतीं, आणि तेल-पाण्याच्या एका नियमावर तें सर्व ढकलणें योग्य होणार नाहीं. परंतु एक गोष्ट या नियमावरूनच सरळ निघते. तेलकट औषध नुसत्या पाण्यानें धुतलें जात नाहीं. फवारणी आटोपल्यावर ओढ्यावर हातपाय खंगाळून भाकरी खावयास बसणारा माणूस विष हातावरच ठेवून जेवीत असतो. बांधावर साबणाची वडी व घागरभर स्वच्छ पाणी ठेवणें, अंगावर पडलेला थेंब तत्काळ साबणानें धुणें आणि फवारणीचे कपडे वेगळे धुणें हें मालकाचें कर्तव्य आहे. पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो, हें आपण जमीनधारकांनीं विसरूं नये. ज्याच्या कष्टावर आपलें पीक उभें राहतें त्याच्या कातडीची चिंता आपण न वाहिली तर कोणी वाहावी?

आतां आपल्या संघाविषयीं दोन शब्द. खत-बियाणें स्वस्त मिळवून देणें एवढ्यानें संघाचें काम संपतें असें मला वाटत नाहीं. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक गांवच्या शाखेनें पाण्याचा जडपणा मोजण्याचें साधें साहित्य ठेवावें, आणि उन्हाळ्यांत एकदां व पावसाळ्यानंतर एकदां प्रत्येक सभासदाच्या विहिरीचा आंकडा वहींत लिहून ठेवावा. दुसरी, संघाच्या भांडारांत औषध विकतांना बाटलीबरोबर तोंडी सल्ला न देतां, ती कशांत मिसळावी व कशांत मिसळूं नये हें मोठ्या अक्षरांत मराठींत लिहिलेला कागद द्यावा. तिसरी, हंगामाच्या आरंभीं शाखेच्या सभेंत एकदां बरणीची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी, आणि त्या सभेस फवारणी करणाऱ्या मजुरांनाहि अगत्यानें बोलवावें. यांस लागणारा खर्च एका बिघडलेल्या फवारणीच्या नुकसानीपेक्षां फार कमी आहे.

कोणी म्हणेल कीं रेणूंच्या या गोष्टी शाळेंतल्या मुलांनीं शिकाव्यात, शेतकऱ्यास त्यांचें काय प्रयोजन? माझें उत्तर असें कीं, शाळेंतला मुलगा चुकला तर दोन गुण जातात, शेतकरी चुकला तर वर्ष जातें. आणि ज्या वृद्ध गड्यानें माझी चूक दाखविली त्यांनीं शाळेचें तोंडहि पाहिलें नव्हतें; त्यांनीं फक्त झाडें मोजलीं. डोळे उघडे ठेवून मोजणें आणि करण्यापूर्वीं थोडक्यावर करून पाहणें यापलीकडे शास्त्र म्हणून निराळें कांहीं नाहीं. पुढील फवारणीच्या आदल्या सायंकाळीं प्रत्येक वाचकानें ओसरीवर एक बरणी मांडावी, तींत आपल्याच विहिरीचें पाणी व आपलेंच औषध घालावें, आणि अर्धा तास स्वस्थ बसून काय दिसतें तें पाहावें.